ताक की साय? जुळ्या दिसणाऱ्या दोन फिक्या शेडमधून भिंतीसाठी एक कशी निवडायची

घराला रंग काढायचा ठरला की पहिले चार दिवस मजा असते. शेड कार्ड मांडीवर घेऊन सगळं घर बसतं, हा नको तो नको करत एकेक बाद होतात आणि शेवटी उरतात दोन. दोन्ही फिके, दोन्ही ऑफ व्हाइट, लांबून बघितलं तर जुळी भावंडं. इथे घोडं अडतं. आमचं आठ दिवस अडलं होतं. पेंटरदादा रोज येऊन विचारायचे, "ताई, ठरलं का?" आणि मग स्वतःच म्हणायचे, "दोन्ही एकच आहेत हो, भिंतीवर गेल्यावर कोणाला कळतंय."

कळतं. मला तर चांगलंच कळलंय. तीन वर्षांपूर्वी बेडरूमसाठी दुकानातल्या लखलखीत उजेडात बघून मी एक मस्त मोतिया शेड पसंत केली होती, दोन हात मारून झाले, संध्याकाळी लाइट लावला आणि खोली चक्क पिस्ता. सासूबाई दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "दवाखान्यासारखं वाटतंय गं." मुळात शेडमध्येच बारीकशी हिरवट झाक होती, त्यात खिडकीबाहेर बदामाचं झाड, खाली कोटा लादी तीही हिरवटच, आणि वर पांढरीफटक ट्यूब. दुकानात यातलं काहीच नव्हतं, त्यामुळे तिथे ती बिचारी मोतियाच दिसत होती.

म्हणून या वेळी हॉल करताना नीट बसून केलं. जे केलं ते क्रमाने लिहितेय, पहिल्यांदाच रंग काढणाऱ्यांना उपयोगी पडेल. आमच्या दोन शेडचे चार आकडी कोड लक्षात राहीनात म्हणून एकीला ताक म्हणायला लागलो आणि दुसरीला साय, खाली तीच नावं वापरतेय.

पायरी १: जे बदलणार नाही ते आधी बघा

शेड कार्ड बाजूला ठेवा आणि खोलीत एक चक्कर मारा. फरशी कुठली, दाराच्या चौकटी कुठल्या, सोफा तोच राहणार का, पडदे कसले. यातलं जे पुढची पाच-सात वर्षं हलणार नाही त्याच्याशी भिंतीचं पटायला हवं, उलटं नाही. फरशी सगळ्यात महत्त्वाची कारण उजेड तिच्यावर पडून भिंतीवर उसळतो. शहाबादी असेल तर करडा-निळसर, कोटा असेल तर हिरवट, क्रीम व्हिट्रिफाइड असेल तर पिवळट, जुन्या चाळीतली लाल फरशी असेल तर भिंतीचा खालचा भाग गुलबट. आमच्या हॉलला क्रीम टाइल्स आणि सागवानी चौकटी आहेत, म्हणजे खोलीत आधीच बराच पिवळेपणा आहे, हे कागदावर लिहून ठेवलं. तुम्हीपण लिहा, नंतर दुकानात गेल्यावर काही आठवत नाही.

खिडकीबाहेर काय आहे तेही बघा. समोरची बिल्डिंग गुलाबी असेल आणि तिच्यावर ऊन पडत असेल तर तो गुलाबी रंग तुमच्या भिंतीवर येतोच. बाल्कनीला हिरवी जाळी किंवा हिरवा फायबरचा पत्रा असेल तर मग विचारूच नका.

पायरी २: झाक ओळखा

पेंटवाले याला अंडरटोन म्हणतात, पण मला वाटतं आपल्याकडे याच्यासाठी शब्द आधीपासूनच आहेत आणि जास्त चांगले आहेत: पिवळट, हिरवट, गुलबट, निळसर, करडट. फिका रंग कधीच नुसता फिका नसतो, तो या पाचातल्या कुठल्यातरी बाजूला कललेला असतो आणि दोन सारख्या शेडमधला खरा फरक बहुतेक वेळा तोच असतो.

एकटी शेड बघून झाक कळत नाही. साधा झेरॉक्सचा कोरा पांढरा कागद घ्या, त्यावर दोन्ही शेड शेजारी शेजारी ठेवा आणि दिवसाच्या उजेडात, पण थेट उन्हात नाही, बघा. पांढऱ्याला चिकटून ठेवलं की लगेच पोटातलं बाहेर येतं. आमच्या ताकात एक गार, किंचित हिरवट-करडी झाक होती, सायीत पिवळट आणि थोडासा बदामी. शेड कार्डाची अख्खी पट्टी बघितली तरी कळतं, कारण पट्टीवर सगळ्यात फिकी शेड एका टोकाला असते आणि तीच गडद होत होत दुसऱ्या टोकाला जाते. ते गडद टोक बघा. तिथे शेवाळी दिसत असेल तर तुमच्या "ऑफ व्हाइट"च्या पोटात शेवाळ आहे असं समजा. चार भिंतींना लागल्यावर ते वर येणार.

पायरी ३: एलआरव्ही बघून घ्या, पण त्याच्यामागे लागू नका

शेड कार्डावर किंवा कंपनीच्या वेबसाइटवर शेडसमोर एलआरव्ही म्हणून आकडा असतो. शून्य म्हणजे उजेड पूर्ण गिळणारा काळा आणि १०० म्हणजे सगळा परत फेकणारा पांढरा, मधला आकडा म्हणजे ती शेड किती टक्के उजेड परत टाकते. तुमची खोली अंधारी असेल आणि एका शेडचा आकडा ६८ आणि दुसरीचा ८० असेल तर वाद संपला, ८० वाली घ्या. पण एक-दोनचाच फरक असेल तर डोळ्याला काही जाणवत नाही, तिथे हा आकडा विसरा आणि झाकेवर या. आणि एक, एलआरव्ही उजेड किती ते सांगतो, रंग कसला ते सांगत नाही, एकाच आकड्याच्या दोन शेडमध्ये एक गुलबट आणि एक हिरवट असू शकते.

पायरी ४: मोबाइल खिशात ठेवा

ॲपमध्ये भिंतीचा फोटो टाकून रंग लावून बघता येतो, मीपण खूप खेळले. पण फोनचा कॅमेरा स्वतःच्या मनाने पांढरा दुरुस्त करतो, वर स्क्रीनला रात्रीचा मोड असेल तर सगळंच पिवळं. दोन अगदी वेगळे रंग ठरवायचे असतील तर ॲप ठीक आहे. ताक आणि साय यातलं एक ठरवायला नाही.

पायरी ५: सँपल करा, आणि मोठं करा

ही पायरी लोक टाळतात, पैसे जातात म्हणून. अख्खी खोली पुन्हा रंगवायला किती जातील ते पेंटरला विचारा, मग सँपलचे पैसे चहापाण्याचे वाटतील.

काही कंपन्यांचे छोटे सँपल डबे मिळतात, नाहीतर दोन्ही शेडचा एकेक लिटर करून घ्या, जी शेड जिंकेल तो लिटर कामाला येतोच. फक्त घेताना ज्या क्वालिटीचा रंग नंतर लावणार त्याच क्वालिटीत, त्याच फिनिशमध्ये घ्या. मॅट आणि सॅटिन यात एकच कोड टाकला तरी सारखा दिसत नाही, चकाकी आली की उजेड वेगळा पडतो.

आता कशावर लावायचं. पेंटर म्हणेल भिंतीवरच दोन चौकोन मारतो. मारू द्यायला हरकत नाही पण जुन्या रंगावर नको, जुना रंग खालून डोकावतो आणि बाजूने चिकटूनही असतो, त्यामुळे नवीन शेड खोटी दिसते. शिवाय चौकोनाची कड नंतर नीट घासली नाही तर फायनल रंगातूनही दिसत राहते. मी स्टेशनरीच्या दुकानातून पांढरी कार्डशीट आणली, जरा जाड बघून, दोन अख्ख्या. चारही बाजूंनी बोटभर पांढरी पट्टी सोडून आत रोलरने दोन हात मारले, पहिला पूर्ण सुकल्यावर दुसरा. कार्डशीट ओली झाली की वळते, म्हणून आधीच चारही कोपरे कागदी टेपने प्लायवर चिकटवून ठेवा. मागे पेन्सिलने नाव लिहा. हे विसरलात तर सुकल्यावर कुठली कुठली ते तुम्हालाच कळणार नाही. आमच्याकडे नवऱ्याने विसरलं आणि मग नखाएवढा टिपका डब्यातल्या रंगाशी जुळवत बसलो.

ओला रंग बघून निर्णय घेऊ नका. इमल्शन ओलं असताना फिकं दिसतं आणि सुकल्यावर थोडं गडद होतं. एक पूर्ण दिवस जाऊ द्या, पावसाळा असेल तर दोन.

पायरी ६: कार्ड उभं धरा, फिरवा, आणि घड्याळ लावून बघा

सगळा खेळ इथे आहे म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपल्या बायका साडीच्या दुकानात काय करतात? आतल्या लाइटात साडी पसंत करतात आणि मग दुकानदाराला सांगून पदर घेऊन दारात जातात, उजेडात बघायला. मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउजपीसचंही तेच. आत तंतोतंत जुळलेला तुकडा बाहेर रस्त्यावर वेगळाच निघतो. याला मेटॅमेरिझम म्हणतात हे मला फार उशिरा कळलं, दोन रंग एका उजेडात एकसारखे आणि दुसऱ्या उजेडात वेगळे, कारण दोघांत वापरलेले रंगद्रव्य वेगळे असतात आणि प्रत्येक दिव्याचा उजेडही वेगळ्या मिश्रणाचा असतो. भिंत काही दारात नेऊन बघता येत नाही, म्हणून कार्ड भिंतीवर नेऊन बघायचं.

कार्ड फरशीवर किंवा टीपॉयवर आडवं ठेवून बघू नका, भिंत उभी असते, तिच्यावर उजेड तिरका पडतो. भिंतीला टेकवून उभं करा. एकदा खिडकीच्या समोरच्या भिंतीला, एकदा ज्या भिंतीत खिडकी आहे तिलाच (ही सगळ्यात अंधारी असते आणि तिथेच फिके रंग मळकट दिसतात), एकदा चौकटीला लागून आणि एकदा खाली स्कर्टिंगपाशी फरशीला लागून. मग सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी सहा आणि रात्री नऊ वाजता बघा. ढगाळ दिवस मिळाला तर सोन्याहून पिवळं, कारण आपल्याकडे चार महिने उजेड तसाच असतो.

आमचा हॉल उत्तरेकडे आहे. उत्तरेच्या खिडकीतून ऊन थेट फारसं येत नाही, आकाशाचा निळसर उजेड येतो. सकाळी ताक एकदम छान दिसलं, स्वच्छ, गार, नवरा लगेच म्हणाला हेच. दुपारी ढग आले आणि ताक बसलं. म्हणजे अक्षरशः भिंतीतून रंग उतरल्यासारखं करडं झालं, ओल आलेल्या भिंतीसारखं. साय त्याच उजेडात शांत होती, पिवळेपणा जवळजवळ दिसतच नव्हता कारण बाहेरच्या निळसरपणाने तो खाऊन टाकला होता. पश्चिमेच्या खोलीत याच्या बरोबर उलटं होतं, संध्याकाळचं केशरी ऊन आत आलं की साय एकदम तुपट होते आणि ताक छान वाटतं. त्यामुळे मैत्रिणीच्या घरी चांगली दिसली म्हणून तीच शेड घेतो, असं करू नका, आधी तिची खिडकी कुठल्या दिशेला आहे ते विचारा.

रात्रीचं वेगळं बघा. घरातल्या दिव्यांच्या खोक्यावर ६५०० के असं काहीतरी लिहिलेलं असतं. ६५०० म्हणजे निळसर पांढरा कूल डेलाइट, आपल्याकडे बहुतेक ट्यूबा याच. ४००० च्या आसपास म्हणजे मधला, आणि ३००० किंवा २७०० म्हणजे पिवळसर वॉर्म. फॉल्स सीलिंग केलं असेल तर त्यातल्या पट्ट्या वॉर्म आणि मधली ट्यूब कूल असं हमखास असतं, तेव्हा प्रत्येक बटण वेगवेगळं लावून बघा. सायीवर वॉर्म टाकलं की ती चक्क पिवळी होते, कूलखाली ती जागेवर येते. ताकाचं उलट. तुम्ही रात्री रोज कुठला लाइट लावता त्याखाली जे चांगलं दिसेल तेच महत्त्वाचं, पाहुणे आल्यावर लावायच्या झुंबराखाली काय दिसतं त्याने फरक पडत नाही. आणि दोघींपैकी एकही पटत नसेल तर आधी ट्यूब बदलून बघा, रंगापेक्षा स्वस्त आहे.

पायरी ७: आधी शेजारी, मग वेगळं

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. शेजारी शेजारी ठेवलं की एक रंग दुसऱ्याला बिघडवतो. सायीशेजारी ताक असेल तर ताक आहे त्यापेक्षा जास्त निळसर दिसतं, आणि ताकाशेजारी साय जास्त पिवळी. शेव्रल नावाचा एक फ्रेंच केमिस्ट पॅरिसच्या गोबलँ विणकामाच्या कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता, तिथे तक्रार आली की काळा धागा नीट काळा दिसत नाही, त्याने तपासलं तर धाग्याचा रंग ठीकच होता, शेजारच्या धाग्यांमुळे तो तसा दिसत होता. १८३९ मध्ये त्याने यावर मोठं पुस्तकच काढलं. आपल्या भिंतीचंही तेच आहे.

म्हणून दोन्ही शेजारी ठेवायच्या त्या फक्त झाक ओळखायला, निवड करायला नाही. हॉलमध्ये ताक आणि साय एकमेकांशेजारी कधीच नसणार, जी लागेल ती एकटीच असणार. त्यामुळे दोन दिवस फक्त ताकाचं कार्ड लावून ठेवा, दुसरं कपाटात. मग दोन दिवस फक्त सायीचं. जाता येता नजर पडते तेव्हा काय वाटतं ते बघा, टक लावून बघू नका. टक लावून बघितलं की दोन मिनिटांत डोळा सरावतो आणि सगळंच पांढरं दिसायला लागतं.

आमच्याकडे सायीचं कार्ड दुसऱ्या दिवशी कोणाच्या लक्षातच येईना. ताकाचं मात्र येता जाता दिसत राहायचं, आणि प्रत्येक वेळी मी मनात म्हणायचे की इथे काहीतरी अडकवलंय. क्रीम टाइल्स आणि सागवानाच्या पिवळेपणापुढे ते आणखीच हिरवट दिसत होतं. तिथे माझं ठरलं. सासूबाईंना नाव न सांगता दोन्ही दाखवलं, त्यांनी सायीवर बोट ठेवलं आणि "हा तर आत्ताचाच रंग आहे ना?" असं विचारलं. नवरा अजून म्हणतो ताक जास्त मॉडर्न होतं.

घाई असेल तर एवढं तरी करा: एकाच शेडची दोन कार्डं खोलीच्या कोपऱ्यात काटकोनात उभी करा आणि कोपऱ्यात बघा. रंगवलेल्या भिंती एकमेकींवर रंग टाकतात, त्यामुळे शेड कार्डावरच्या चौकोनापेक्षा खोलीत रंग नेहमी जास्त भरलेला दिसतो. कोपऱ्यात तुम्हाला जे दिसेल ते फायनलच्या जवळचं असेल. आणि तरीही दोघींत ठरत नसेल तर दोघींतली कमी रंगीत, जास्त करडट असते ती घ्या असं लोक सांगतात, मला हे पटत नाही, आपल्याकडच्या ६५०० च्या ट्यूबखाली करडट म्हणजे उदास. मी पिवळट घेईन.

सीलिंग विसरू नका. वर झगझगीत पांढरं मारलं तर खालची साय मळकी वाटू शकते, तेव्हा कार्ड एकदा वर सीलिंगला टेकवून बघा, फार टोचलं तर पांढऱ्यात थोडा उबदारपणा असलेला पांढरा घ्या. दारं-खिडक्यांना ऑइल पेंट पांढरा लावणार असाल तर तो वर्षा दोन वर्षांत पिवळा पडतो, खास करून अंधाऱ्या जागी, हे धरून चाला.

पायरी ८: दुकानातून आणताना

शेड ठरली की सगळा रंग एकदम घ्या. मशीन पांढऱ्या बेसमध्ये थेंब थेंब स्टेनर, म्हणजे घट्ट रंग, टाकते, आणि फिक्या शेडमध्ये ते थेंब इतके थोडे असतात की एका डब्यात जरा इकडे तिकडे झालं तरी भिंतीवर दिसतं. डब्यांवरचा बॅच नंबर एकच आहे ना बघा. पेंटरला सांगून सगळे डबे एका मोठ्या बकेटमध्ये ओतून ढवळून घ्या, मगच सुरुवात. हे सांगावं लागतं, आपणहून कोणी करत नाही, कारण एक डबा संपला की दुसरा उघडायची सवय असते आणि नेमका भिंतीच्या मध्यावर डबा संपतो.

काम सुरू व्हायच्या आधी एक टिपका तुमच्या कार्डशीटवर, मधोमध, टाकून सुकू द्या. दिसेनासा झाला तर बरोबर शेड आली. दिसला तर तिथेच थांबवा आणि डबा परत न्या, दोन हात मारून झाल्यावर दुकानदार ऐकत नाही. पुट्टी घासून प्रायमर पूर्ण पांढरा झालेला हवा, पॅचेस राहिले तर फिका रंग ते लपवू शकत नाही, गडद कदाचित लपवेल.

पायरी ९: उरलेला रंग

अर्धा लिटर तरी उरवाच. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, काठोकाठ भरून, लोणच्याच्या जुन्या बरणीतही चालेल पण ती आधी खरंच स्वच्छ धुवा. बरणीवर कोड, कंपनी, क्वालिटी, फिनिश आणि महिना-वर्ष लिहा. बरणी हरवते म्हणून तेच मी लॉफ्टच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवलंय, खाली कंसात "साय". आणि नंतर कधी सायकलचं हँडल लागून भिंतीला ओरखडा पडला तर मध्येच ठिगळ मारू नका, फिक्या रंगात ठिगळ लांबूनही दिसतं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ती एक अख्खी भिंत मारून घ्या.